भा. रा. भागवतांचा आठवडा: पाचवी ते सातवीच्या वर्गासाठी

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्मदिवस ३१ मे आणि स्मृतिदिन २७ ऑक्टोबर. पहिला उन्हाळ्याच्या सुटीत येतो आणि दुसरा बहुतेक वर्षी दिवाळीच्या सुटीत किंवा तिच्या अगदी जवळ, त्यामुळे मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावणारा हा लेखक शाळेच्या दिनविशेषांतून सहज निसटतो. उपाय सोपा आहे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतोच. त्याला जोडून पाच तासिकांचा आठवडा आखावा. प्रतिमेला हार घालण्यास हरकत नाही, परंतु त्यापलीकडचा प्रत्येक उपक्रम मुलाला पुन्हा पुस्तकाकडे नेतो का, एवढी एकच कसोटी लावावी.

तयारी म्हणून फास्टर फेणे या भागवतांच्या किशोर नायकाच्या मालिकेतील चार-पाच वेगवेगळी पुस्तके वर्गात हाताशी ठेवावीत. चाळीस मुलांना चाळीस प्रती लागत नाहीत. आठ-आठ जणांचे गट करून प्रत्येक गटाला एक पुस्तक दिले तरी काम भागते. मात्र पुस्तकाची पाने मोबाइलवर टिपून पालकांच्या गटावर टाकण्याचा मोह टाळावा. भागवतांचे निधन २००१ साली झाले आणि आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, म्हणजे ही पुस्तके २०६१ अखेरपर्यंत कोणाच्या तरी हक्काची आहेत.

पहिली तासिका केवळ प्रकट वाचनाची असावी आणि वाचन शिक्षकांनीच करावे. लेखकाचा परिचय आधी देऊ नये. बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा काटकुळा, चपळ मुलगा आहे, एवढे सांगून थेट गोष्टीत शिरावे. प्रसंग ऐन रंगात आला की पुस्तक मिटावे आणि मुलांकडून पुढे काय होईल ते तीन-चार ओळींत लिहून घ्यावे. हे कागद तपासू नयेत, शुद्धलेखनाच्या लाल खुणा तर मुळीच करू नयेत. दुसऱ्या दिवशी उरलेला भाग वाचून झाला की मुलांनी आपापले कागद उघडून पाहावेत. कोणाचा अंदाज बरोबर आला यापेक्षा तो गोष्टीतल्या कोणत्या धाग्यावरून बांधला होता, हे विचारावे. मुले तेव्हाच मागची पाने उलटू लागतात.

या आठवड्यातला सर्वांत फलदायी उपक्रम एका नावावर उभा आहे, म्हणून त्याला दोन तासिका द्याव्यात. ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ हे शब्द फळ्यावर लिहावेत आणि ते जिभेला इतके का आवडतात, असे विचारावे. तिन्ही शब्द ‘फ’ने सुरू होतात, हे कोणी तरी ओळखतेच, अनुप्रास ही संज्ञा त्यानंतर सांगावी, आधी नाही. मग प्रत्येक गटाने आपल्या गावाच्या किंवा पेठेच्या नावाच्या पहिल्या अक्षराशी जुळणारा एक नायक अथवा नायिका घडवावी: साताऱ्याची सुसाट सावंत, नांदगावचा निवांत नाईक. नाव ठरले की त्या पात्राची एक लकब शोधावी, कारण फास्टर फेणे तोंडाने काढतो तो ‘ट्टॉक’ हा आवाज त्याच्या नावाइतकाच वाचकांच्या लक्षात राहिला आहे. त्या निमित्ताने धप्पकन, खळ्ळकन, सळसळ असे ध्वनीवरून आलेले शब्द मुले स्वतःच गोळा करतात, आणि पाठ्यपुस्तकातला अनुकरणवाचक शब्दांचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. या दोहोंपैकी दुसऱ्या तासिकेत याच पात्राचे एक साहस लिहावे. अट एकच, की ते मुलांनी स्वतः पाहिलेल्या ठिकाणी घडले पाहिजे: एस.टी. स्थानक, ओढ्यावरचा पूल, आठवडे बाजार, गिरणीमागचे मोकळे आवार. ही अट घातली नाही तर निम्मी पात्रे न्यूयॉर्कमध्ये गुन्हेगार पकडू लागतात.

वेशभूषा स्पर्धेचा आग्रह धरू नये. तिचे काम मुलांपेक्षा पालकांनाच अधिक पडते. त्याऐवजी मुलांनी आजी-आजोबांना अथवा आई-वडिलांना गाठून, त्यांनी ही पुस्तके कधी वाचली, कोणाकडून मिळवली आणि त्या काळी दूरच्या माणसाला तातडीचा निरोप कसा धाडत असत, हे विचारून यावे. तार आणि ट्रंक कॉल हे शब्द मुलांना ठाऊक नसतात. भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली, त्यानंतर जन्मलेली मुलेच आता आपल्यासमोर बसली आहेत. नायकाच्या खिशात मोबाइल असता तर गोष्टीतला कोणता प्रसंग घडलाच नसता, यावर वर्गात चांगला वाद रंगतो.

शेवटची तासिका विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर मिळून घ्यावी. भागवतांनी ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्यांत ‘चंद्रावर स्वारी’ आहे. व्हर्नची मूळ कादंबरी १८६५ सालची. तिच्यात तीन माणसांना प्रचंड तोफेतून फ्लोरिडातून चंद्राकडे डागलेले आहे. १९६९ साली अपोलो ११ हे यानही तीन माणसांना घेऊन फ्लोरिडातूनच उडाले, मात्र ते अग्निबाणाच्या बळावर. तोफेतून सुटताना बसणाऱ्या धक्क्याने माणूस का वाचणार नाही आणि अग्निबाण वेग हळूहळू का वाढवतो, हा प्रश्न सातवीच्या मुलांना झेपतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान ३ ची आठवण तर ती स्वतःच काढतात.

मुलांनी लिहिलेली साहसे शिवून त्यांचे एक हस्तलिखित करावे, त्याला दाखल क्रमांक द्यावा आणि ते ग्रंथालयाच्या कपाटात भागवतांच्या पुस्तकांशेजारी ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पाचवीला ते रीतसर नोंद करून घरी नेता येईल.