चार्टर शाळेत मूल घालताय? आधी मुदत बघा

कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांच्या घराची आणि बँक खात्याची सोय लागली की लगेच शाळेचा विषय निघतो. मग महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार्टर शाळांबद्दल सल्ले सुरू होतात: ‘अर्धी प्रायव्हेट असते’, ‘हुशार मुलंच घेतात’, ‘फी नाही, पण देणगी द्यावी लागते’. यातलं एकही खरं नाही. जे खरोखर विचारायला हवं, ते मात्र कुणी विचारत नाही: या शाळेची मान्यता कधी संपते?

चार्टर शाळा ही सरकारी पैशावर चालणारी, फी नसलेली सार्वजनिक शाळा. चालवते ती बहुतेकदा ना-नफा संस्था, स्वतःच्या संचालक मंडळामार्फत. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांना १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात चार्टर शाळा चालवता येत नाही. आपल्याकडच्या अनुदानित शाळेसारखंच हे, संस्था खासगी आणि पैसा सरकारचा. पण अनुदानित शाळा पिढ्यान्‌पिढ्या चालेल असं आपण गृहीत धरतो, आणि तीच सवय इथे नडते. चार्टरला ठरावीक वर्षांचीच मान्यता असते. ती संपली आणि नूतनीकरण झालं नाही, तर शाळा बंद.

मान्यता मिळते ती अशी. कायदा १९९२ चा आहे. शाळा काढू पाहणारे लोक स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टकडे (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) अर्ज देतात. पहिल्या वर्षी जितकी मुलं अपेक्षित, त्याच्या निम्म्या संख्येइतक्या पालकांच्या सह्या लागतात, किंवा अपेक्षित शिक्षकांपैकी निम्म्यांच्या. इंडियन ग्रोसरीच्या दारात कुणी सही मागितली तर अर्जावरचा मजकूर वाचा. सहीचा अर्थ ‘माझ्या मुलाला इथे घालण्याचा माझा खरोखर विचार आहे’ असा असतो. सहीने जागा राखली जात नाही. अर्जात १५ बाबी लिहाव्याच लागतात: अभ्यासक्रम, कारभार, प्रवेश, हिशेब तपासणी, मुलांना काढून टाकण्याचे नियम, आणि अगदी शेवटची, शाळा बंद करायची वेळ आली तर काय करायचं ते. अर्ज दाखल झाल्यावर ६० दिवसांत जाहीर सुनावणी आणि ९० दिवसांत निर्णय. दोन्ही बाजू कबूल असतील तर आणखी ३० दिवस. डिस्ट्रिक्टने नाकारलं तर काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, शिक्षण मंडळाकडे दाद मागता येते. त्यानंतर राज्य मंडळ आहे, पण खालच्यांनी अधिकाराचा गैरवापर केला असं दिसलं तरच ते निर्णय फिरवतं. २०१९ मध्ये कायदा बदलल्यापासून नवीन शाळेमुळे आपली आर्थिक स्थिती ढासळेल या कारणावरूनही डिस्ट्रिक्टला नाही म्हणता येतं. पहिली मान्यता जास्तीत जास्त पाच वर्षांची.

प्रवेशाबद्दल थोडक्यात. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की जाहीर लॉटरी. आधीपासून शिकणाऱ्या मुलांना आणि डिस्ट्रिक्टमधल्या रहिवाशांना प्राधान्य, भावंडांना बहुतेक ठिकाणी. प्रवेशाआधी जुनी प्रगतिपुस्तकं मागायला शाळेला बंदी आहे, आणि पालकांच्या श्रमदानाच्या तासांची अटही घालता येत नाही. शाळेला व्हिसाची चौकशी करण्याचं कारण नाही. लसींचे कागद मात्र पक्के ठेवा. कांजिण्यांचे दोन डोस लागतात, आणि भारतातून आलेल्या मुलांचा दुसरा डोस पुष्कळदा राहिलेला असतो. आणि चार्टर शाळेच्या शेजारी महागडं घर घेऊ नका. डिस्ट्रिक्टच्या आत कुठेही राहिलात तरी लॉटरीत तुमचं मूल त्याच रांगेत असतं. रेटिंगचा आकडा बघून चालण्याच्या अंतरावर घर घेणारे आपलेच लोक पाहिले की वाईट वाटतं.

आता देखरेख. ज्याने मान्यता दिली त्याच्यावर शाळेवर नजर ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी असते: संपर्कासाठी एक माणूस नेमायचा, वर्षातून किमान एकदा शाळेला भेट द्यायची, आर्थिक स्थिती तपासत राहायची. त्याबदल्यात शाळेच्या उत्पन्नाच्या एक टक्क्यापर्यंत शुल्क घेता येतं, इमारत जवळजवळ फुकट दिली असेल तर तीन टक्क्यांपर्यंत. ही व्यवस्था जिथे बिघडते, तिथे याच शुल्कापायी. २०१९ मध्ये सॅन डिएगो काउंटीत ऑनलाइन चार्टर शाळांच्या एका जाळ्यावर खटला भरला गेला, ११ जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांना मान्यता देणाऱ्या छोट्या डिस्ट्रिक्टांना देखरेख शुल्काचं उत्पन्न मिळत होतं, आणि आपल्या हद्दीपलीकडच्या मुलांची नोंद तपासण्यात त्यांना रस नव्हता. त्यानंतर वर्गात न भरणाऱ्या नव्या चार्टर शाळांवर राज्याने स्थगिती आणली. म्हणून पूर्ण ऑनलाइन किंवा घरून अभ्यासाची चार्टर शाळा बघत असाल, तर मान्यता देणारं डिस्ट्रिक्ट किती मोठं आणि कुठलं, हे आधी पाहा.

शाळा अडचणीत आहे हे तुम्हाला घरबसल्या कळू शकतं, आणि या देशाची ही गोष्ट मनापासून आवडण्यासारखी आहे. २०१९ च्याच एका कायद्याने चार्टर शाळांच्या मंडळांना खुल्या सभांचा नियम स्पष्टपणे लागू झाला. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर करावीच लागते, आणि पालकाला सभेत बोलता येतं. शाळेला १ जुलैपर्यंत अंदाजपत्रक, १५ डिसेंबर आणि १५ मार्चपर्यंत मधले आर्थिक अहवाल, १५ सप्टेंबरपर्यंत वर्षाचा जमाखर्च द्यावा लागतो. बाहेरच्या लेखापरीक्षकाचा अहवाल १५ डिसेंबरपर्यंत.

मार्चचा अहवाल उघडा. त्यात तीन जागा बघा. पहिली, सरासरी रोजची हजेरी: अंदाजात किती धरली होती आणि प्रत्यक्षात किती आहे. कॅलिफोर्नियात पैसा पटावरच्या नावांवर मिळत नाही, हजर मुलांवर मिळतो. समजा ३२० मुलं धरून इमारतीचं भाडं आणि शिक्षकांचे पगार ठरले आणि २६० च आली, तर उत्पन्न जवळजवळ पाचव्या हिश्श्याने घटतं, भाडं आहे तेवढंच राहतं. दुसरी, महिनावार रोख शिलकीचा तक्ता. एखाद्या महिन्याच्या शेवटी आकडा कंसात असेल तर शिल्लक उणे आहे. तिसरी, पुढच्या दोन वर्षांचा अंदाज. तो नव्या मुलांच्या मोठ्या भरतीवर उभा असेल तर ती मुलं कुठून येणार, हे सभेत उभं राहून विचारा. आपले लोक सभेत बोलायला संकोचतात आणि पार्किंगमध्ये कुजबुजतात. तसं करू नका. तुमचा प्रश्न सगळ्यांसमोर आला की मंडळाला तो टाळणं अवघड जातं.

नूतनीकरण राज्याच्या डॅशबोर्डवरच्या (शाळांची कामगिरी दाखवणारं सरकारी संकेतस्थळ) निकालांवर ठरतं. वरच्या गटातल्या शाळेला पाच ते सात वर्षं, मधल्या गटाला पाच. खालच्या गटातल्या शाळेला सहसा नकारच. ठोस सुधारणा आराखडा आणि पुरावा असेल तर फक्त दोन वर्षं. कोविडनंतर विधिमंडळाने अनेक शाळांच्या मुदती वाढवल्या, त्यामुळे जुन्या अर्जावरची तारीख धरून बसू नका. मान्यता देणाऱ्या कार्यालयात ईमेल करून सध्याची शेवटची तारीख लेखी मागा. हे एकच काम न केल्यामुळे कुटुंबं फसतात: डिस्ट्रिक्टच्या चांगल्या शाळेत मिळालेली जागा सोडतात, मूल चार्टरमध्ये घालतात, आणि मुदतीचं ते शेवटचं वर्ष होतं हे त्यांना वसंतात कळतं.

मुदतीच्या मध्येही मान्यता रद्द होऊ शकते: मान्यतेच्या अटी मोडल्या, ठरलेले निकाल गाठले नाहीत, पैशाचा गैरकारभार झाला, कायदा मोडला. आधी उल्लंघनाची नोटीस, सुधारायला वाजवी वेळ, मग रद्द करण्याच्या इराद्याची नोटीस, मग सुनावणी. मुलांच्या जिवाला तातडीचा धोका असेल तरच सुधारायला वेळ देण्याची पायरी गाळता येते. अचानक धक्का बसतो तो मात्र शाळेच्या संचालक मंडळाने स्वतःहून ‘परवडत नाही’ म्हणून शाळा बंद केली की.

शाळा बंद होणार असं कळलं की त्याच आठवड्यात कागद हाती घ्या: गुणपत्रकाची अधिकृत प्रत, लसींची नोंद, विशेष शिक्षणाचा आराखडा असेल तर तो. हायस्कूलच्या मुलांनी पूर्ण केलेल्या विषयांची आणि क्रेडिटची यादी सही-शिक्क्यासह घ्यावी. शाळा बंद झाल्यावर या नोंदी कुणाकडे राहणार हे अर्जाच्या त्या पंधराव्या बाबीत लिहिलेलं असतं, आणि शाळेने पालकांना ते कळवणं बंधनकारक आहे. तुमच्या पत्त्याच्या डिस्ट्रिक्टला मूल घ्यावंच लागतं. पण घराजवळच्याच शाळेत जागा मिळेल याची खात्री नसते. ती भरलेली असेल तर त्याच डिस्ट्रिक्टच्या दुसऱ्या शाळेत पाठवतात, आणि बंद पडलेल्या शाळेतली सगळी कुटुंबं एकाच वेळी त्या खिडकीवर येतात. ऑगस्टची वाट न पाहता बातमी कळताच भाडेकरार आणि विजेचं बिल घेऊन नाव नोंदवून टाका.