बिली वाइल्डरचे पिक्चर बघायचेत? मग १९४२ पासून सुरू करू नका

वाइल्डरने हॉलिवूडमध्ये १९४२ ते १९८१ मध्ये २५ पिक्चर डिरेक्ट केले, आणि यादी हातात आली की आपण पहिल्यापासून ओळीने बघायला घेतो आणि पाचव्या-सहाव्याला कंटाळून सोडतो. तसं नको. थेट १९६० च्या 'द अपार्टमेंट'ला हात घाला.

न्यूयॉर्कच्या विमा कंपनीतला एक कारकून, प्रमोशनच्या आशेने स्वतःच्या फ्लॅटची चावी साहेबलोकांना त्यांच्या भानगडींसाठी देतो, आणि ऑफिसातल्या लिफ्टवाल्या मुलीवर याचा जीव जडलाय. यात पावडरच्या डबीवर लक्ष ठेवा. आतला आरसा तडकलेली ती डबी त्याला फ्लॅटमध्ये सापडते, तो ती मोठ्या साहेबाला परत करतो, आणि मग ख्रिसमसच्या आदल्या दिवशी नवी हॅट कशी दिसते ते बघ म्हणून ती मुलगी तीच डबी त्याच्यापुढे धरते, आणि त्या तडकलेल्या काचेत त्याचा पडलेला चेहरा. कोणी काही समजावून सांगत नाही तरी सगळं कळतं. मी तो सीन कितीही वेळा बघितला तरी पोटात खड्डा पडतोच.

वाइल्डर असाच बघायचा. माणूस मुळात लेखक, व्हिएन्ना-बर्लिनला पत्रकारी केलेला, १९३३ मध्ये हिटलर आला तेव्हा जर्मनीतून निघाला. त्याच्याकडे कॅमेऱ्याच्या कसरती शोधत बसू नका, वस्तू कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जातेय ते बघा.

मग मागे या, १९४४, 'डबल इंडेम्निटी'. विमा एजंट नेफ आणि ग्राहकाची बायको मिळून नवऱ्याचा काटा काढतात. इथे काडीवर लक्ष. नेफचा ऑफिसातला सहकारी कीज, त्याच्याकडे सिगार असतो पण काडी कधीच नसते, दर वेळी नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून पेटवून देतो, आणि शेवटी काय होतं ते तुम्हीच बघा. आणि खून उरकून दोघं गाडीत बसतात तर गाडी स्टार्टच होत नाही, तेव्हा आपणही मनात 'हो बाई सुरू' म्हणत असतो, म्हणजे नकळत खुन्यांच्या बाजूला गेलेलो असतो!

तिसरा 'सनसेट बुलेव्हार्ड', १९५०. हा बघायच्या आधी एवढं माहीत असू द्या की यातला बटलर, एरिक फॉन स्ट्रोहाइम, खरोखर मूकपटांचा मोठा डिरेक्टर होता, आणि नॉर्मा, म्हणजे ग्लोरिया स्वॉनसनने केलेली मूकपटांतली जुनी नटी, घरी स्वतःचा जो जुना पिक्चर लावून बघते तो खरोखर त्यानेच स्वॉनसनला घेऊन केलेला. हे माहीत असलं की त्याचं नुसतं गप्प उभं राहणंही जड वाटतं. लगेच पुढचा 'एस इन द होल', १९५१. गुहेत अडकलेल्या माणसाची सुटका बातमीसाठी लांबवणारा पत्रकार, तेव्हा पडला होता पिक्चर, पण माझ्या मते त्याचा सगळ्यात निर्दय आणि आज सगळ्यात जवळचा वाटणारा हाच.

स्क्रीनचं एक सांगतो. जुन्या तिन्ही पिक्चरना दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच, झूम करून घालवू नका, डोकी कापली जातात. 'अपार्टमेंट' उलट एकदम रुंद, तो मोबाईलवर बघूच नका. ऑफिसातल्या टेबलांची ती न संपणारी रांग मागे मागे लहान टेबलं आणि बुटकी माणसं बसवून केलीय, मोठ्या पडद्यावरच तिची मजा.

'सम लाइक इट हॉट' (१९५९) घरच्या सगळ्यांना घेऊन बघा, 'रफू चक्कर' बघितलेल्यांना गोष्ट लगेच ओळखू येईल. 'द एम्परर वॉल्ट्झ' आणि 'बडी बडी' खुशाल सोडा. १९७० चा शेरलॉक होम्सवाला मात्र सोडू नका, स्टुडिओने त्यातले अख्खे किस्से कापले तरी जे उरलंय ते फार हळवं आहे, फक्त तो आधी नको, वाइल्डरची सवय झाल्यावर घ्या.