पाठाचं टाचण काढण्याआधी: कोणता आराखडा कशाला?

बी.एड.ला हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठ शिकवण्याचे पाच टप्पे, घोकलेली असते. मग एखाद्या प्रशिक्षणात ‘अ‍ॅडी’ची पीपीटी बघावी लागते आणि घरी आल्यावर प्रश्न पडतो, उद्याच्या गणिताच्या तासाला हे लावू कुठे? लावूच नका. विश्लेषण, रचना, विकसन, अंमलबजावणी, मूल्यमापन ही ‘अ‍ॅडी’ची साखळी १९७५ साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणासाठी बांधली गेली. तालुक्यातल्या सगळ्या शिक्षकांसाठी व्हिडिओमालिका करायची असेल, तर ती जरूर वापरा.

म्हणून आधी ठरवा, आखायचं काय आहे: एक तासिका की अनेक तासिकांचा अख्खा घटक?

तासिकेत एखादी रीत शिकवायची असेल, तर मी अमेरिकी शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट गॅन्ये यांच्या नऊ पायऱ्या घेते. लक्ष वेधणं, उद्दिष्ट सांगणं, पूर्वज्ञान जागवणं हे चटकन उरका. खरा वेळ द्यायचा तो मुलांकडून करून घेण्याला आणि लगेच प्रतिसाद देण्याला. अपूर्णांकांच्या बेरजेत १/२ + १/३ = २/५ हे उत्तर कुणाच्या तरी पाटीवर दिसतंच. चूक म्हणून खोडू नका. ‘अर्ध्यात आणखी भर घातली, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं?’ असं विचारा आणि कागदाच्या पट्ट्या हातात द्या.

विज्ञानात मात्र ‘फाइव्ह ई’ या पाच टप्प्यांच्या आराखड्याला तोड नाही. बीएससीएस या अमेरिकी संस्थेत १९८७ च्या सुमारास रॉजर बायबी आणि सहकाऱ्यांनी तो मांडला. कुतूहल, शोध, स्पष्टीकरण, विस्तार, मूल्यमापन असा त्याचा क्रम. हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं की लाल डाग पडतो, लिंबाच्या रसाने पडत नाही. हे मुलांनी आधी करून बघायचं. ‘आम्लारी’, ‘दर्शक’ हे शब्द त्यानंतर. पंचपदीत आपलं सादरीकरण आधी येतं, फरक तिथेच आहे.

घटक आखताना विगिन्स आणि मॅकटाय यांची १९९८ ची उलटी वाट धरा: आधी अध्ययन निष्पत्ती (मुलांना शेवटी काय यायला हवं ते), मग ती साधल्याचा पुरावा, उपक्रम सगळ्यांत शेवटी. परिमितीचा पुरावा म्हणजे टेप घेऊन शाळेच्या कुंपणाला किती तार लागेल ते सांगता येणं. असं ठरवलं की निम्म्या रंगीत वर्कशीट आपोआप गळतात.

दोन वर्ग एकत्र असतील, तर एका वर्गाला ‘फाइव्ह ई’तला शोध द्या आणि दुसऱ्याला गॅन्येच्या पायऱ्यांनी शिकवा. फक्त दोन्हीकडचं समजावून सांगणं एकाच वेळी येणार नाही, एवढं टाचणात बघून घ्या.