फवारणीच्या हंगामातील विषबाधा : लक्षणे, प्रथमोपचार आणि रुग्णालयातील उपचार

पीक दाट वाढलेले असताना आणि हवेत उकाडा असताना फवारणी करणाऱ्याला मळमळू लागले, डोके दुखू लागले, तर ते ऊन लागल्याचे समजून तो सावलीत पडून राहतो आणि उपचाराचा मोलाचा वेळ निघून जातो. घाम उन्हानेही येतो; परंतु तोंडाला लाळ सुटणे, डोळ्यांतून पाणी वाहणे, धूसर दिसणे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणे, पापण्यांचे किंवा दंडाचे स्नायू आपोआप फडफडणे ही ऑर्गनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातील कीटकनाशकाच्या विषबाधेची लक्षणे आहेत. बाहुल्या नेहमीसारख्या दिसल्या म्हणून विषबाधा नाहीच, असेही मानू नये.

मज्जातंतूंकडून स्नायूंना व ग्रंथींना संदेश पोहोचवणारे अॅसिटिलकोलीन हे द्रव्य काम झाल्यावर एका विकराकडून (एन्झाइमकडून) लगेच नष्ट केले जाते. ही कीटकनाशके तो विकरच निकामी करतात, त्यामुळे ग्रंथी स्रवत राहतात, श्वासनलिकांत स्राव साचतो, हृदयाचे ठोके मंदावू शकतात आणि स्नायू आधी फडफडून मग लुळे पडतात. मृत्यू बहुधा श्वास बंद पडल्याने होतो.

फवारणीत विष शरीरात जाण्याचा मुख्य मार्ग त्वचा हा आहे. नाकावर रुमाल बांधून निर्धास्त होणारे अनेक जण द्रावणाने भिजलेले कपडे मात्र दिवसभर अंगावर ठेवतात. जांघ व काख येथील त्वचेतून शोषण अधिक होते, आणि पाणी न मिसळलेले औषध मापून ओतताना हातमोजे नसणे हा तर सर्वांत मोठा धोका आहे.

लक्षणे दिसताच रुग्णाला शेताबाहेर आणावे, सर्व कपडे उतरवून अंग व केस साबण आणि भरपूर पाण्याने धुवावेत. डोळ्यांत औषध गेले असल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाणी सोडावे. हे करणाऱ्याने स्वतः हातमोजे घालावेत. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, कारण अनेक औषधांतील पेट्रोलियम द्रावक फुप्फुसात गेल्यास नवेच संकट ओढवते. बेशुद्ध रुग्णाला डाव्या कुशीवर ठेवावे व काहीही पाजू नये. औषधाचे लेबल किंवा घट्ट बंद केलेली बाटली रुग्णालयात सोबत न्यावी. उपचार औषधाच्या गटावर ठरतात.

तेथे प्रथम श्वासमार्ग मोकळा करून प्राणवायू देतात आणि छातीतील स्राव आटेपर्यंत अॅट्रोपिन या उताऱ्याची मात्रा वाढवत नेतात. स्नायूंच्या लुळेपणावर अॅट्रोपिनचा उपयोग होत नाही. ऑर्गनोफॉस्फेटच्या विषबाधेत त्यासाठी प्रालिडॉक्सिम देतात, पण विकर व विष यांचा बंध काही काळाने पक्का झाल्यावर तेही निष्प्रभ ठरते. पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकाने चेहऱ्यावर मुंग्या व जळजळ होते. त्यावर वेगळा उतारा नसून लक्षणांनुसार उपचार होतात. पॅराक्वाट या तणनाशकाची गोष्ट निराळी आहे : त्यावर उतारा नाही आणि अनावश्यक प्राणवायूने फुप्फुसांची हानी वाढते, म्हणून पोटात गेलेले त्याचे अल्प प्रमाणही डॉक्टरांपासून लपवू नये.

बरे वाटले म्हणून घरी जाण्याची घाई करू नये. ऑर्गनोफॉस्फेटच्या विषबाधेत पहिली लक्षणे ओसरल्यावर १ ते ४ दिवसांत मान उचलता न येणे व श्वास अपुरा पडणे असा दुसरा झटका येऊ शकतो. विकराची पातळी पूर्ववत होण्यास अनेक आठवडे लागू शकतात. तोवर थोड्या संपर्कानेही विषबाधा होऊ शकते, म्हणून रक्ततपासणी करून डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत त्या व्यक्तीने फवारणी करू नये.