दिवस गेल्यावर दुप्पट नको, नीट खा

माझ्या जावेला तिसरा महिना लागलाय आणि जो येतो तो म्हणतो दोन जिवांची आहेस, दुप्पट खा. उलट शेजारच्या आजी म्हणतात कमी खा, बाळ लहान राहिलं की बाळंतपण सोपं जातं. दोन्ही ऐकू नका, कमी खाणं तर अजिबातच नको.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांची टीम १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करतायत. तिथली बाळं जन्मतः साधारण २.७ किलोची, हातपाय काटकुळे पण अंगावर चरबी मात्र टिकून, आणि अशा अंगाला पुढे डायबिटीसचा धोका जास्त. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं जास्त वजनाची निघाली. अजून एक, आईच्या रक्तात बी१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (फोलिक अॅसिडच्या गोळीतून मिळतं तेच) जास्त असेल तर मुलांच्यात सहाव्या वर्षीच इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे अंगाने इन्सुलिनला नीट दाद न देणं, जास्त दिसला.

म्हणून काय करायचं, तर सुरुवातीच्या रक्ततपासणीत एचबीसोबत बी१२ पण बघायचं का हे डॉक्टरांना विचारा. फोलिक अॅसिडची गोळी मात्र बंद करू नका हं, बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी ती लागतेच. शाकाहारी असाल तर दूध, दही, ताक रोज पाहिजेच, खात असाल तर अंडी, मासे.

पालेभाजी रोज एक वाटी. जावेला मेथीचा नुसता वास आला तरी उमळून येतं, म्हणून मी लाल माठ अगदी बारीक चिरून थालीपिठाच्या भाजणीत मळते, तीळ घालते आणि वर दही, आता दोन खाते आणि पोटात राहतंय. शेपू नाहीतर राजगिऱ्याचा पाला घेतला तरी चालतो.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

आणि ज्या अजून प्लॅनिंग करतायत त्यांनी आत्तापासूनच सुरू करा. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये बायकांना दिवस राहायच्या आधीपासून पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ रोज दिला, तर त्यांच्यात गरोदरपणातला डायबिटीस कमी झाला. लग्न ठरलेली बहीण, नणंद असेल तर तिलाही आजच सांगा.