बाबांची पेज

बाबांचा जठराचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात होता. मुंबईच्या डॉक्टरांनी 'आता घरीच ठेवा' म्हटलं आणि आम्ही देवगडला परतलो. पुढच्या अडीच महिन्यांत जे उमगलं, ते असं माणूस घरात असणाऱ्यांसाठी लिहितेय.

आधी जेवणाचं, कारण मी सगळ्यात जास्त तिथेच मोडले. रोज उकड्या तांदळाची पेज करायची आणि 'एकच घास' म्हणत वाटी घेऊन तासभर बसायची. एके दिवशी बाबांनी मान फिरवली. "माका नको गो चेडवा. तू रडतंस म्हणान गिळतंय."

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, शेवटाकडे भूक आपोआप मिटते, त्यात तुमचं काही चुकत नाही. उलट जबरदस्तीने भरवलं तर ठसका लागून घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. मागतील तेवढंच द्या. मग मी पेजेवरची निवळ दोन चमचे द्यायची, तीही त्यांनी मागितली तर. ओल्या कापसाने ओठ भिजवायचे, तळव्यांना कोमट खोबरेल चोळायचं. पेजेच्या वाटीला जे जमलं नव्हतं ते त्या तेलाला जमलं: बाबा डोळे मिटून पाय पुढे करायचे. तुमच्या हातांनाही असं एखादं काम द्या.

दुखण्यावरच्या मॉर्फिनच्या गोळ्यांना घाबरू नका. सवय लागेल म्हणून मी पहिले काही दिवस टाळाटाळ केली, त्याचं आजही वाईट वाटतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, ठरल्या वेळी द्या. दुखणं वाढायची वाट बघू नका. या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, त्याचंही औषध सोबतच मागून घ्या. त्यांचं कण्हणं थांबलं तेव्हा घरातली सगळी झोपली.

माणूस समोर असतानाच त्याच्यासाठी रडू येतं. 'सुटू देत आता' असंही मनात येतं. मला आलं आणि आठवडाभर त्यांच्या डोळ्यांत बघवेना. शेवटी विहिरीवर शेजारच्या काकीला सांगितलं. कळशी खाली ठेवून ती म्हणाली, "माकाव तसाच वाटलेला." एका तरी माणसाला सांगाच. कुणीच नसेल तर टेलिमानस या मन मोकळं करायच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, फुकट, चोवीस तास.

भेटायला येणाऱ्या चाकरमान्यांनी 'काही लागलं तर सांग' म्हटलं की लगेच काम सांगा. 'तासभर बाबांजवळ बसा' म्हणायचं आणि किनाऱ्यावर चालून यायचं.

एका रात्री त्यांनी विचारलं, "मी बरो होतलंय काय गो?" खोटं बोलवेना, खरं तोंडातून फुटेना. मी विचारलं, "तुमका काय वाटता, बाबानू?" बराच वेळ ते गप्प होते. मग पंपाची चावी कुठे ठेवलीय ते सांगितलं, आणि धाकट्या भावाला बोलव म्हणाले. बारा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने काका आले.