गाळा घेण्याआधी त्या गावात धंदे किती टिकतात ते असं तपासा

मी कोल्हापुरात कर सल्लागार आहे. दुकान सुरू करायची कागदपत्रं मी करते, तशी बंद करायचीही करते. सारखाच धंदा, सारखंच भांडवल. एका गावात तग धरतो, दुसऱ्या गावात वर्षभरात शटर ओढतो. म्हणून नवीन माणूस आला की प्रकल्प अहवालाला हात लावण्याआधी त्याला मी त्या गावात पाठवते, वही घेऊन.

पेठेतून चालत दुकानांच्या पाट्या वाचा. जीएसटीत नोंद असलेल्या दुकानाला पाटीवर नंबर लिहावा लागतो. महाराष्ट्रातला २७ने सुरू होतो. बंद दुकानांच्या पाट्या बऱ्याचदा तशाच लटकत असतात, त्यांचे नंबर आवर्जून उतरवा. ते जीएसटी पोर्टलवर टाकलेत की नोंदणीची तारीख दिसते आणि ती रद्द झाली असेल तर कधीपासून, तेही. लॉगिन लागत नाही. तुमच्या धंद्यातली दहा-पंधरा दुकानं अशी बघितलीत तरी अंदाज येतो.

हे वाचताना जरा जपून. १ जुलै २०१७ ही तारीख दिसली तर दुकान बहुधा त्याहून जुनं असतं, कारण जीएसटी त्या दिवशी सुरू झाला. 'रद्द' म्हणजे धंदा बुडालाच असंही नाही. एकट्याची फर्म भागीदारीत गेली की पॅन बदलतो आणि नंबरही नवा घ्यावा लागतो. शिवाय फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही, म्हणजे छोटी दुकानं यात सापडणारच नाहीत. त्यांच्यासाठी शेजारच्या चहावाल्याकडे बसा आणि सरळ विचारा: या गाळ्यात आधी कोण होतं, आणि का गेलं? एकाच गाळ्याची तीन-चार नावं निघाली तर तो गाळा मला नको.

मग त्या गावात पैसा कधी फिरतो ते लिहून काढा, महिन्यानिशी. मालवणला पावसाळ्यात पर्यटक आटतात आणि जून-जुलैत यांत्रिकी मासेमारी बंद. लातूरला क्लासची पोरं आहेत तोवर मेस आणि झेरॉक्स जोरात, परीक्षा संपली की खोल्या रिकाम्या. आमच्याकडे उसाचं बिल १४ दिवसांत द्यावं असा नियम आहे, पण ते लांबलं की किराणा दुकानाची उधारीही लांबते. सलग किती महिने गल्ला थंड राहणार ते मोजा. तेवढ्या महिन्यांचं भाडं, वीजबिल, पगार आणि बँकेचा हप्ता बाजूला ठेवूनच उरलेल्या पैशात माल भरा. माझ्याकडे बंद करायला आलेल्यांपैकी बहुतेकांचा माल चांगला होता, गिऱ्हाईकही होतं. सगळी रक्कम फर्निचरात आणि मालात अडकली होती, पहिल्याच मंदीत भाडं थकलं. हे टाळता येतं, म्हणून इतकं पोटतिडकीने सांगते.

नदीकाठचं गाव असेल तर भिंतीवरची पाण्याची खूण विचारा. सांगली-कोल्हापुरात २०१९चा पूर, चिपळूणला जुलै २०२१चा. विमा घेताना पुराचं नुकसान आणि आतला माल दोन्ही धरलेत का, ते पॉलिसीत स्वतः वाचा.

शेवटी करारनामा. अकरा महिन्यांचा असला तरी त्यात बऱ्याचदा 'लॉक-इन'चं कलम असतं, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी गाळा सोडता येत नाही. सही करण्याआधी ते तुमच्या मंदीच्या महिन्यांशी ताडून बघा आणि मध्येच सोडलं तर अनामत परत मिळेल का, ते मालकाकडून लेखी घ्या.